लाल खुणेचा धोटा

अमरावतीला माझ्या घरी लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक काळा गोटा ठेवलेला आहे. त्याच्याकडे कुणी पाहत नाही. गोट्याकडे काय पाहायचं? पण गेल्या दिवाळीपर्यंत त्या जागी कापडगिरणीतला एक धोटा होता, आणि त्याच्याबद्दल मात्र घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा. मी काही ना काही सांगायचो. कुणाला सांगितलं, गिरणी सोडताना कामगारांनी आठवण म्हणून दिला. कुणाला सांगितलं, आमच्या गिरणीच्या साचेखात्यात पहिला बौद्ध कामगार मी लावला, त्याचा हा धोटा. हे दुसरं सांगताना माझा आवाज जरा भरदार होत असे. पहिलं साफ खोटं होतं. दुसऱ्यात थोडं खरं होतं, म्हणून ते जास्त खोटं होतं.

गिरणीतले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा संप, टाळेबंदी, मशीनमध्ये धोतर अडकलेला मुकादम असं बरंच काही डोक्यात आलं. पण लिहायला बसलो की नजर त्या गोट्याकडे जाते. तेव्हा धोट्याचंच लिहितो.

अकोल्याच्या एका मोठ्या गिरणीच्या लेबर ऑफिसात मी चौदा वर्षं काढली. लेबर ऑफिसचा बाबू म्हणजे काय, तर सकाळचा भोंगा व्हायच्या आत फाटकाशी उभं राहायचं, कुठल्या खात्यात किती माणसं गैरहजर आहेत ते पाहायचं आणि फाटकाबाहेर आशेनं उभ्या असलेल्या बदली कामगारांतून तेवढी माणसं आत सोडायची. तू रिंगात जा, तू साच्यावर जा. रिंगखात्यात सूत कातलं जातं, साचेखात्यात त्या सुताचं कापड होतं. साचा म्हणजे माग, विजेवर चालणारा. साचेवाल्याला मजुरी जास्त आणि मानही जास्त. गिरणीच्या सुटीनंतर चहाच्या टपरीवर बाकड्यावर कोण बसलं आहे आणि उभं कोण आहे, यावरून परका माणूसही सांगू शके की साचेवाले कोण आणि रिंगवाले कोण.

कोण कुठे जाणार हे ठरवायला मला चार-सहा क्षण लागत. लोकांना वाटे, बाबूचा अनुभव मोठा. अनुभव कसला? नाव ऐकलं, गाव ऐकलं, की हात आपोआप दाखवला जाई. कुणबी, माळी, कोष्टी, मोमीन हे साच्यावर. महारवाड्यातला माणूस आला की रिंगात, नाहीतर कापसाच्या गाठींच्या गोदामात. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नसल्यामुळे ते कुणाला खोडताही येत नव्हतं.

कारण विचारलं तर मात्र कारण तयार असे, आणि ते असं होतं. साच्यात उभ्या सुतांच्या मधून एक लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचेवाला धोटा काढतो, नवी कांडी बसवतो, आणि सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं म्हणून त्या भोकाला ओठ लावून आत श्वास ओढतो. सुप् असा आवाज होतो आणि सूत बाहेर येतं. दिवसातून कितीदा, ते कुणी मोजत नाही. दिवसपाळीचा माणूस गेला की त्याच साच्यावर, त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीचा माणूस तोंड लावतो. आता कळलं असेल. साचेवाल्यांना ज्याच्या तोंडचं चाले त्यालाच साचा मिळे.

त्या काळात एक भरती मी केली, तिचा मला अजून अभिमान आहे. गफूरमियाँ जन्मापासून बहिरा आणि मुका. मास्तर, म्हणजे साचेखात्याचे प्रमुख, मला म्हणाले, “गावंडे, उद्या आंधळा आणाल.” मी म्हणालो, “साहेब, तुमच्या खात्यात ऐकू कुणाला येतं?” खरंच होतं. साच्यांचा खडखडाट एवढा, की तिथे सगळेच ओठांच्या आणि हातांच्या खुणांनी बोलत. बाहेर जगात मुका असलेला गफूरमियाँ साचेखात्यात सगळ्यांत चांगला बोलणारा निघाला. साच्यात काही बिघडलं तर लोकांना आवाजावरून कळे, याला चौकटीवर तळहात ठेवून त्यांच्याआधी कळे. पंधरा दिवसांत सगळ्यांनी त्याला आपला मानला. त्याचा धोटा तोंडात धरायला एकानंही का-कू केली नाही. बहिऱ्याला सामावून घेणं आम्हाला एवढं सोपं गेलं.

सुकदेव तायडे रिंगखात्यात होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, काटक, हसताना तोंड मिटून हसणारा. रिंगात शेकडो चात्यांवर सूत गुंडाळलं जात असतं आणि त्यातलं एखादं तुटलं की कामगारानं धावत जाऊन ते जोडायचं असतं. सुकदेवला खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं तुटलेलं सूत दिसे. रिंगमास्तर म्हणत, याला घारीचे डोळे आहेत.

नागपूरला दीक्षा घेऊन तो आला, त्यानंतर चार-दोन आठवड्यांत लेबर ऑफिसात आला.

“बाबूजी, हजेरीपटात माहं नाव सुकदेव सोनू महार असं हाये. ते सुकदेव सोनू तायडे करा लागते.”

मी लगेच दौत उघडली. जुन्या नावावर रेघ मारली, नवं लिहिलं, सही केली. मला फार बरं वाटलं. आपण काळाच्या बरोबर आहोत असं वाटलं.

“आन् हा दुसरा कागद,” तो म्हणाला.

दुसरा कागद साचेखात्यात बदली मिळावी असा अर्ज होता.

“साच्यावर काम कधी केलं आहे?”

“गफूरमियाँपाशी शिकलो. जेवनाच्या सुटीत. तो बोलत नाई, म्हून लवकर शिकलो.” मग म्हणाला, “तसं घरात हायेच जी. माहा आजा पासोड्या विने. अंजनगावच्या बाजारात नेऊन विके. तुमी तकडलेच ना? तुमच्या घरी बी असन एखांदी.”

पासोडी म्हणजे जाड सुताचं दुहेरी पांघरूण. वऱ्हाडात थंडीत त्याच्याशिवाय चालत नसे. मी “पाहतो” म्हणालो आणि अर्ज मास्तरांकडे नेला.

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “खातं बंद पडेल माझं. जात म्हणून नाही म्हणता येत नाही, कायदा आहे. तुम्हीच काहीतरी लिहा.”

मी काहीतरी लिहिलं. अर्जाच्या पाठीवर, माझ्या वळणदार अक्षरात: ‘नजर कमी. साचेकामास अयोग्य.’

घारीचे डोळे असलेल्या माणसाबद्दल हे लिहायला मला नाव बदलण्यापेक्षा कमी वेळ लागला.

वाटलं, विषय संपला. पण कागदाला पाय असतात. चारेक महिन्यांनी कामगारांची तपासणी निघाली, सगळ्यांचे जुने कागद चाळले गेले आणि कुणाच्या तरी नजरेला तो शेरा पडला. नजर कमी असलेला माणूस फिरत्या चात्यांजवळ कसा ठेवता? सुकदेवला रिंगातून काढून गाठींच्या गोदामात हमालीवर टाकलं. मी त्या दिवशी अमरावतीला कामगार कचेरीत गेलो होतो. परत आल्यावर कळलं, आणि मी काहीही केलं नाही. करायचं म्हणजे माझं अक्षर माझंच आहे असं सांगावं लागलं असतं.

सुकदेव ऑफिसात आला तो महिन्याभरानं. खांद्यावर गाठीच्या पट्ट्यांचे वळ. उभा राहून म्हणाला, “बाबूजी, माह्या डोयाले काय झालं?”

मी मान खाली घालून विचारलं, “का? काय झालं?”

“मले त दिसते. पन कागदावर नाई दिसत म्हने. कागद लिवनारा सायेब शिकला सवरला असन, त्याले माह्याहून जादा समजत असन. म्हून मी घरी रोज पाहून राहिलो. बायको सुई देते, मी दोरा ओवतो. दिवा बारीक करून ओवतो. ओवला जाते. तरी भेव वाटते जी. आंधया झालो त घरी खानारे सहा हायेत.”

चार आठवडे हा माणूस माझ्या एका ओळीपायी घरात बसून सुईत दोरा ओवत होता. मी त्याला म्हणालो, सरकारी दवाखान्यात डोळे तपासून चिठ्ठी आण. त्याने आणली. डोळे उत्तम. मी गंभीर चेहऱ्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणालो, “कुण्या कारकुनाची चूक झालेली दिसते.” त्याला त्याच दिवशी रिंगात परत पाठवलं. जाताना त्याने मला हात जोडले. ते जोडलेले हात मी अजून फेडतो आहे.

त्या आठवड्यात मी अंजनगाव सुर्जीला घरी गेलो. माळ्यावर खरंच एक जुनी पासोडी होती. आईला विचारलं, ही कुणी विणली?

“कोनी विनीन? तेच लोक विनत,” आई म्हणाली. “तुह्या जन्माच्या येळी घेतली. तुले गुंडायलं होतं तिच्यात.”

“मग त्यांची विणलेली घरात कशी घेतली?”

“अंगनात पानी शिपडलं का झालं,” आई म्हणाली. “पांघरुनाबिगर मेला असता ना तू.”

तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. मी पासोडी पुन्हा माळ्यावर ठेवली. ती विणली त्या मागालाही धोटा होता. त्या धोट्यालाही कुणाचं तरी तोंड लागलं होतं. अकोल्याला परतलो तो एक निश्चय करून: सुकदेवला साच्यावर न्यायचंच.

निश्चय चांगला होता. रस्ता मात्र मी माझ्यासारखाच शोधला. जो साचा दिवसपाळीला रिकामा होणार होता त्यावर दुसऱ्या पाळीला पुंडलिक इंगोले होता. साचेखात्यातला जुना, मानाचा कारागीर. सगळे त्याला पुंडलिकभाऊ म्हणत. मी त्याला गाठलं. तो पानाची पिंक बाजूला टाकून म्हणाला, “बाबू, मले त्याचं काई वाकडं नाई. मानूस चांगला हाये. पन त्याचा उष्टा धोटा मी तोंडात धरू काय? उद्या घरी बायको ताट वाढनार नाई.”

“आणि धोटा वेगळा असला तर?”

तो विचार करून म्हणाला, “येगया असला त मंग माही काय हरकत?”

मला तोडगा सापडला. सुकदेवसाठी दोन धोटे वेगळे काढायचे, ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर लाल रंगाची खूण करायची, पाळी संपली की ते पेटीत बंद करायचे आणि पुंडलिकभाऊंनी आपले बाहेर काढायचे. मास्तर खूश, पुंडलिकभाऊ खूश. रंगाचा डबा मी स्वतः स्टोअरमधून आणला आणि खूण माझ्या हाताने केली. अगदी निगुतीने, कडा न पसरू देता. त्या दिवशी घरी जाताना मी सायकलवर गुणगुणत होतो, हे मला स्वच्छ आठवतं.

धोटे सुकदेवच्या हाती दिले तेव्हा त्याने ते उलटेपालटे करून पाहिले. खुणेवरून अंगठा फिरवला. साच्यावर गेला आणि आठ दिवस विणत राहिला. घडीखात्यात कापड तपासणारा मला मुद्दाम सांगायला आला, की या माणसाच्या कापडात दोष काढायला मला चष्मा पुसावा लागतो. मी छाती फुगवून फिरलो. गफूरमियाँनी एकदा मला थांबवलं, सुकदेवच्या धोट्याकडे बोट दाखवलं, मग आपल्या कपाळाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. हा कसला टिळा? मी खुणेनंच सांगितलं, काही नाही, काही नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेला मी उत्तर दिलं नाही, कारण मला खुणांची भाषा तेवढी येत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली.

नवव्या दिवशी सकाळी सुकदेव ऑफिसात आला आणि दोन धोट्यांतला एक माझ्या टेबलावर ठेवला.

“बाबूजी, पोया कधी हाये यंदा?”

“पोळा? अजून दोन-तीन महिने आहेत. का?”

“मंग आत्ताच शिंगं काहून रंगवली? आन् अख्ख्या गोठ्यात एकाच बैलाची?”

मी सांगायला लागलो. हळूहळू होईल, एकदम सगळं होत नाही, आधी आत तरी शिरू, मी किती खटपट केली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तुमी केलं, ते मी नाई म्हनत नाई. पन माहा बाप घरी रोज इचारते. त्याच्या बापानं माग चालवला, याले नाई भेटला. म्हनते, सुकदेवा, गिरनीतला धोटा कसा असते रे, येक दिवस दाखव. त्याले मी हा दाखवू? तो म्हाताराय, पन आंधया नाई.” तो दाराकडे वळला. “मले धोटा नोता पायजे, बाबूजी. साचा पायजे होता. साच्यावर मानूस येते न जाते, धोटा तोच राहते. मी रिंगात जातो.”

आणि तो गेला. आपण होऊन. चांगली मजुरी, बाकड्यावरची जागा, आजोबांचं काम, सगळं टेबलावर ठेवून. धोटा मी खणात टाकला. दुसरा कुठे गेला कोण जाणे.

पुढे दीड वर्ष आम्ही रोज एकमेकांना फाटकाशी पाहत होतो. तो “जय भीम, बाबूजी” म्हणे, मी “हां, हां” म्हणे. मी आणखी खटपट करू शकलो असतो. केली नाही. मनातून मला त्याचा थोडा रागही होता, की एवढं करून दिलं आणि याने लाथाडलं. हा राग कबूल करायला मला सगळ्यांत जड जातं आहे.

गोष्ट पुढे सरकली ती माझ्यामुळे नाही, पुंडलिकभाऊंच्या दातांमुळे. वर्षानुवर्षं धोट्याला ओठ लावून सूत आणि त्याबरोबर कापसाचा कचरा ओढायचा, वर तंबाखू. साचेवाल्यांचे पुढचे दात लवकर जात. पुंडलिकभाऊंचे वरचे चार एका उन्हाळ्यात गेले. दात गेले तसा ओठांचा दाब गेला. सूत येईना. एका कांडीला जिथे सुप् केलं की झालं, तिथे भाऊ गाल आत ओढून ओढून लालबुंद होत. साचे थांबून राहत. तरणे साचेवाले खुणेनं त्यांची नक्कल करत. मास्तर म्हणाले, म्हाताऱ्याला आता झाडूवर टाका.

आणि एका दुपारी पाळी बदलताना पुंडलिकभाऊच माझ्यासमोर येऊन बसले. हातात छत्रीच्या काडीचा एक बारीक आकडा होता, टोकाशी घासून घासून केसासारखा केलेला.

“पाहा बाबू. हा भोकातून घालाचा, सूत धराचं न ओढाचं. तोंडाचं कामच नाई.”

“हा कुठून आणला?”

“गफूरमियाँपाशी पायला. त्याले इचारलं, कोनाचा? त्यानं बोट असं गरगर फिरवलं.” भाऊंनी चातीसारखं बोट फिरवून दाखवलं. “म्हंजे रिंगवाल्याचा, त्यानंच घासून केला. मंग गेलो त्याच्यापाशी.”

“सुकदेवकडे?”

“हव. काय करता, गरज माही होती. म्हटलं, तायडे, मले बी येक दे. त्यानं खिशातला काहाडून देल्ला. न म्हनते कसा, ‘धुऊन घेजा बाप्पा, माहा हात लागला हाये.’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

भाऊंनी आकडा खिशात टाकला. “काय म्हनाव? घेतला न तसाच.” मग एकदम वैतागून म्हणाले, “माह्या जोडीले दिवसपायीत जो पोट्टा देल्ला तुमी, तो साच्याची वाट लावून ठेवते. माह्या हातात साचा येते तवा त्याचे हाल पाहवत नाई. त्या तायड्याले द्या. आठ दिवस होता त साचा कसा लोन्यासारखा चाले. आता आकडा हाये त तोंडाचा काय सवाल?”

“आणि घरी ताट?”

“ताट काय,” भाऊ बोळक्या तोंडाने म्हणाले, “चावाले दात कोठी हायेत?”

मी त्याच पावली रिंगखात्यात गेलो. सुकदेव चात्यांवर वाकलेला होता. मी म्हणालो, अर्ज दे, आजच करतो.

“अर्ज नाई करत मी,” तो म्हणाला. “मागं अर्ज केला त डोये गेले.”

त्याचा रोख माझ्यावर नव्हता. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी ऑफिसात येऊन स्वतःच लिहिलं: साचेखात्यास गरज असल्याने तायडे यांना पाठवावे. धोट्याबद्दल काहीच लिहिलं नाही. पहिल्यांदाच कळलं, की काही गोष्टी न लिहिण्यातच नीट होतात.

चार-सहा जणांनी कुरकुर केली. दोघांनी साचा बदलून मागितला, तो मी दिला नाही. जुन्या लोकांनी आकडे करून घेतले, कारण दात सगळ्यांचेच जात होते. तरण्यांना आकड्याची सवय नव्हती, ते तोंडानेच ओढत, आणि घाई असली की सुकदेवही तोंडानेच ओढे. पुढे त्या साच्यावर कोण कसं सूत ओढतं याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. महिन्याभराने सुकदेव फाटकावरचा पास मागायला आला. पासावर वस्तू आणि कारण लिहावं लागे. मी लिहिलं: एक धोटा, वडिलांस दाखवण्यासाठी, उद्या परत. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तो पास तीनदा वाचला, धोटा तीनदा उलटला आणि म्हणाला, नोकरीत असा पास पाहिला नाही.

पुढे मी गिरणी सोडून अमरावतीला आलो. खण रिकामा करताना लाल खुणेचा धोटा निघाला, तो तसाच बरोबर घेतला. परवानगी घेतली नाही.

गेल्या दिवाळीत सुकदेव नात्यातल्या लग्नाच्या बोलणीसाठी अमरावतीला आला होता. पत्ता शोधत घरी आला. केस पिकलेले, पण नजर तीच, आणि अजून साच्यावरच. दारातून आत येतायेताच त्याला टेबलावरचा धोटा दिसला. खुर्चीवर बसला, चहा घेतला, पुंडलिकभाऊ गेल्याचं सांगितलं. धोट्याबद्दल बोलला नाही. शेवटी मीच बोललो. धोट्याबद्दल नाही. अर्जाच्या पाठीवरच्या ओळीबद्दल. ती कुण्या कारकुनाची चूक नव्हती. ते अक्षर माझं होतं, आणि मला तुझे डोळे चांगले माहीत होते.

त्याने रिकामी कपबशी बाजूला सरकवली. आतून बायकोच्या पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता.

“काय लिवलं होतं नेमकं?”

मी सांगितलं. “नजर कमी. साचेकामास अयोग्य.”

त्याने टेबलावरचा धोटा उचलला. त्यात अजून एक जुनी कांडी होती, सूत पिवळं पडलेलं. टोक मोकळं करून त्याने भोकाशी धरलं आणि धोटा माझ्यापुढे केला.

“ओढा.”

चौदा वर्षं मी या कामाबद्दल बोललो, लिहिलं, भांडणं मिटवली. एकदाही केलं नव्हतं. मी ओठ लावले आणि श्वास ओढला. तोंडात धूळ आली. पुन्हा ओढला. कापसाचा तंतू घशात गेला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी खोकलो. बायको पोळपाट सोडून बाहेर आली. सुकदेवने धोटा माझ्या हातून घेतला, न पुसता ओठांना लावला. सुप्. सूत बाहेर. त्याने ते परत आत ढकललं आणि धोटा पुन्हा माझ्यापुढे केला. मी पुन्हा ओठ लावले. नाही आलं.

तो तोंड मिटून हसला. “तुमची नजर बराबर हाये, बाबूजी. पन साचेकामास अयोग्य. लिवून ठेवा.”

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर त्याला द्यावी लागली असती. उठताना त्याने धोटा पिशवीत टाकला.

“हा नेतो मी. गिरनीचा हाये, तुमचा नाई न माहा बी नाई. चांगला चालता धोटा हाये, टेबलावर काहून बसवला? कागदाले गोटा ठेवा येखांदा.”

पुढच्या महिन्यात त्याचं पत्र आलं. लाल खूण काचेच्या तुकड्याने खरवडून काढली, कडा घासल्या, मास्तरांना दाखवून धोटा खात्यात जमा केला. आता तो कुठल्या साच्यात धावतो ते त्यालाही सांगता येत नाही. कुणाकुणाचं तोंड त्याला लागतं, तेही नाही.